ॲम्बेसेडरचा ऑइल फिल्टर: बसला म्हणजे जमला असं नाही

ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. साताऱ्याजवळच्या एका श्रोत्यांनी विचारलंय, "दादा, माझ्याकडे वडिलांची ॲम्बेसेडर आहे, जुन्या पेट्रोल इंजिनची. आधीच्या मिस्त्रींनी फिल्टरचा डबा काढून तिथे ॲडॉप्टर लावलंय, म्हणजे हाताने फिरवून बसवायचा फिल्टर लागतो. तो आता मिळेना. दुकानदार म्हणाला, मारुती 800 चा लावा, बसतो. मी लावून बघितला, बसला पण. फक्त फिरवताना जरा सैल वाटला. चालेल का?"

उत्तर आधी देतो, कारण भाग संपेपर्यंत थांबलात आणि मध्येच गाडी काढलीत तर पंचाईत. नाही, चालणार नाही. गाडी उभी असेल तर उभीच ठेवा आणि तो फिल्टर उतरवा. मारुतीच्या फिल्टरमध्ये खोट काही नाही, मारुतीवर तो उत्तमच आहे. तुमच्या स्टडवर मात्र तो लागू नाही. का, ते आता सविस्तर बघू.

आधी माझी फजिती

दुसऱ्याला शहाणपण शिकवायच्या आधी स्वतःचा गाढवपणा सांगितलेला बरा. आमच्या घरीही ॲम्बेसेडरच होती. डबा असलेली, मूळ फिल्टरची. पहिल्यांदाच बाबांना न विचारता मी घरी ऑइल बदललं. जुना एलिमेंट काढला, नवा घातला, खोक्यात आलेली नवी रबर रिंग वरच्या खाचेत बसवली, डबा लावला, बोल्ट कसला. इंजिन चालू केलं, खाली वाकून बघितलं, थेंबही नाही. स्वतःवरच खूश!

दुसऱ्या दिवशी खंबाटकीच्या घाटात ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. मला वाटलं, वायर सैल असेल. चढ संपला की बघू म्हणून तशीच गाडी रेटली. पाचेक मिनिटांत इंजिनातून टकटक आवाज यायला लागला. थांबून बॉनेट उघडलं तर इंजिनची एक बाजू ऑइलने न्हालेली. डिपस्टिकला ऑइलच लागेना.

झालं होतं एवढंच, की जुनी रबर रिंग खाचेतच चिकटून राहिली होती. वर्षानुवर्षं तापून ती काळी, कडक झाली होती, खाचेचाच भाग वाटत होती. मी नवी रिंग तिच्या डोक्यावर बसवली. घरासमोर उभ्या गाडीत ते टिकलं. घाटात सगळं तापलं, हादरे बसले, आणि वरची रिंग बाहेर सरकली.

बेअरिंग गेली, क्रँक घासून घ्यावा लागला, इंजिन पूर्ण उतरवून बांधावं लागलं. बाबा एका शब्दाने रागावले नाहीत. मिस्त्रींनी एकमेकींना चिकटलेल्या त्या दोन रिंगा त्यांच्या हातात दिल्या, त्यांनी त्या खिशात टाकल्या आणि पुढे कित्येक वर्षं त्या घरी किल्ल्यांच्या खुंटीला लटकत होत्या. ओरडा खाल्ला असता तर परवडलं असतं.

या इंजिनात फिल्टर करतो काय?

ॲम्बेसेडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज 3. हिंदुस्तान मोटर्सने ती पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याला 1958 पासून बनवली, ती थेट 2014 पर्यंत. तिचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी-सिरीज' घराण्यातलं. याच घराण्यातली इंजिनं एमजीए आणि एमजीबी या स्पोर्ट्‌स गाड्यांत होती. म्हणून जगभर एमजीवाल्यांनी फिल्टरच्या ज्या भानगडी सोसल्या, त्यातल्या बऱ्याच आपल्याही वाट्याला येतात. नंतरच्या ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं. त्याचा संसार वेगळा. तेव्हा पहिला नियम: गाडीचं नाव सांगून फिल्टर मागू नका, इंजिन कोणतं ते सांगून मागा. पन्नास वर्षांच्या गाडीत मूळचंच इंजिन असेल याची खात्री नसते. कुणी डिझेल टाकलेलं असतं, कुणी आणखी काही.

बी-सिरीजमध्ये ऑइल पंप खालून ऑइल ओढतो, ते फिल्टरमधून जातं, आणि मग क्रँकच्या बेअरिंगांकडे. म्हणजे सगळं ऑइल आधी गाळून मग वाटप. याला 'फुल-फ्लो' म्हणतात. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली फट असते इंचाच्या एक-दोन हजारांश भागाएवढी, म्हणजे 25 ते 50 मायक्रॉन. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा. त्या फटीत ऑइलचा पापुद्रा असतो आणि सगळा क्रँक त्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. तिथे बारीक कचरा शिरला तर ओरखडे पडतात. आणि ऑइलच आलं नाही, तर धातूवर धातू घासतो. माझ्या घाटात झालं ते हे दुसरं.

सगळ्याच जुन्या गाड्यांत अशी रचना नसते. अमेरिकेत 1923 मध्ये 'प्युरोलेटर' हा मोटारींचा फिल्टर आला. त्या काळापासून पुढे बरीच वर्षं 'बायपास' पद्धत चालायची. मुख्य ऑइल सरळ बेअरिंगांकडे, आणि त्यातली बारीकशी धार तेवढी फिल्टरमधून जाऊन परत खाली. जुन्या फोक्सवॅगन बीटलला तर फिल्टरच नव्हता, नुसती जाळी. इटलीच्या छोट्या फियाट 500 मध्ये ऑइल गोल फिरवून कचरा कडेला फेकायची युक्ती होती. तुमची गाडी यातली कुठली, हे मॅन्युअलमध्ये बघा. बायपास पद्धतीच्या फिल्टरकडे जाणारं भोक मुद्दामच बारीक ठेवलेलं असतं. "ऑइल नीट जाईना" म्हणून कुणी ते ड्रिलने मोठं केलं, तर बेअरिंगांचा दाब तिकडे पळतो. असले पराक्रम केलेली इंजिनं बघायला मिळतात.

डब्याचा फिल्टर असेल तर

मूळ ॲम्बेसेडरला डबा असतो. मध्ये लांब बोल्ट, आत एलिमेंट, वर इंजिनला धरून फिल्टरचं हेड. एलिमेंट घेताना जुना सोबत न्या आणि तीन मापं जुळवा: बाहेरचा व्यास, आतलं भोक आणि उंची. उंची सगळ्यात महत्त्वाची. एलिमेंट आखूड पडला तर खालची स्प्रिंग त्याला वर दाबून धरत नाही. मग ऑइल त्याच्या कडेने, न गाळताच, निघून जातं. गळती दिसत नाही, दिवा लागत नाही, सगळं आलबेल वाटतं. फिल्टर आहे पण नसल्यासारखा. एलिमेंट लांब असला तर डबा रिंगवर नीट टेकत नाही, आणि लोक मग बोल्ट आवळत सुटतात.

डब्याच्या तळाशी त्या बोल्टवर एक छोटी फलटण असते: स्प्रिंग, पोलादी वायसर, फेल्टचा किंवा रबरचा छोटा वायसर आणि एलिमेंट टेकायची प्लेट. जुना एलिमेंट बाहेर काढताना फेल्टचा वायसर आणि प्लेट त्यालाच चिकटून येतात आणि सरळ कचऱ्यात जातात. पुढच्या माणसाला ते तिथे असायला हवे होते हे माहीतच नसतं. ते नसले की बोल्टच्या कडेने ऑइल न गाळता पळतं. तुमच्या डब्यात हे सगळं आहे का, एकदा मोजून बघा. आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. आमच्या वेळी ही सोय नव्हती, तुमच्याकडे आहे.

आता ती रिंग. एलिमेंटच्या खोक्यात कधी कधी दोन-तीन वेगवेगळ्या रिंगा येतात. त्या 'एक्स्ट्रा' म्हणून दिलेल्या नसतात, वेगवेगळ्या हेडसाठी असतात. जुनी काढायची, तिच्याशी जाडी आणि आकार ताडून बघायचा, जुळेल ती एकच लावायची. जुनी काढायला टोकदार पिन किंवा जाड सुई वापरा. दोन-तीन ठिकाणी टोचून उचला, पण खाचेच्या धातूला ओरखडा नको. मग बॅटरीच्या उजेडात खाच पूर्ण गोल बघा, नख फिरवा, चिंधीने पुसा. तळाला चकचकीत धातू दिसला पाहिजे. काळं दिसतंय? मग अजून रिंग आहे. मी ती काळी बाजू बघूनच पुढे गेलो होतो.

फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर

आता साताऱ्याच्या प्रश्नाकडे. डब्याची कटकट नको म्हणून अनेक जण ॲडॉप्टर लावतात. कल्पना चांगली आहे, माझा विरोध नाही. पण मग फिल्टर निवडायची जबाबदारी तुमच्यावर येते, कारण कुठल्याच कंपनीच्या यादीत "ॲडॉप्टर लावलेली ॲम्बेसेडर" असं सापडणार नाही.

पहिली गोष्ट, आटे. इंग्लिश आणि अमेरिकन वळणाच्या ॲडॉप्टरवर बहुतेक वेळा पाऊण इंची स्टड असतो, इंचाला 16 आटे. म्हणजे व्यास 19.05 मिलिमीटर. मारुती 800 आणि इतर अनेक जपानी वळणाच्या गाड्यांचे आटे 20 मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर पिचचे. फरक किती? एक मिलिमीटरही नाही. म्हणूनच घात होतो. 20 चा फिल्टर 19 च्या स्टडवर चढतो, फिरतो, रबर टेकलं की घट्टही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची फक्त टोकं एकमेकांना धरून असतात, आणि पिचही वेगळा असल्याने तीसुद्धा सगळीकडे नीट बसत नाहीत. तुम्हाला सैल वाटलं ना, ते हेच.

आता हिशोब करू. फिल्टरच्या रबराचा व्यास साधारण 62 मिलिमीटर धरला, तर आतलं क्षेत्रफळ होतं 30 चौरस सेंटिमीटर. बी-सिरीज इंजिनात गाडी पळताना ऑइलचा दाब 50 पीएसआयच्या आसपास असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. गुणाकार करा: शंभर किलोच्या वर. सिमेंटची दोन पोती त्या फिल्टरला खाली ओढतायत असं समजा. थंडीत सकाळी ऑइल घट्ट असताना दाब 80 वर गेला तर तीन पोत्यांच्याही वर. हे सगळं वजन आट्यांच्या टोकांवर! कधीतरी ती टोकं सोलली जातात, फिल्टर निखळतो, आणि चारेक लिटर ऑइल बघता बघता रस्त्यावर. मागून मोटारसायकलवाला येत असेल तर त्याचीही वाट.

मापायचं कसं? व्हर्नियर कॅलिपर घ्या, स्टडचा बाहेरचा व्यास मोजा. 19 च्या किंचित खाली आला तर पाऊण इंची. 20 च्या किंचित खाली आला तर 20 मिलिमीटरचा. मग कुठल्याही लेथवाल्याकडे आटे मोजायची पट्टी असते, ती लावून खात्री करा. पाच मिनिटांचं काम. बरोबर आट्यांचा फिल्टर हातात घेतल्यावर कळतो: बोटाने फिरवला तर अडखळत नाही, आणि दोन-तीन फेरे चढल्यावर डुगडुगतही नाही.

दुसरी गोष्ट, रबराचा व्यास. फिल्टरचं रबर ॲडॉप्टरच्या सपाट जागेवर सगळीकडून पूर्ण टेकलं पाहिजे. काठावर किंवा खाचेवर अर्धवट नको. रबराला ऑइलचं बोट फिरवून फिल्टर दाबून बघा, काढा, गोल ठसा पूर्ण उमटला का ते पाहा.

तिसरी, बायपास व्हॉल्व. फिल्टर तुंबला किंवा ऑइल फार घट्ट असलं, तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून एक छोटा व्हॉल्व उघडतो आणि न गाळलेलं का होईना, ऑइल पुढे सोडतो. घाणेरडं पाणी मिळणं, पाणीच न मिळण्यापेक्षा बरं, असा हिशोब. काही इंजिनांत हा व्हॉल्व हेडमध्येच असतो, काहींत फिल्टरच्या आत. ॲडॉप्टर लावताना मूळ हेडच काढून टाकलं असेल, तर हेडमधला व्हॉल्वही गेला! मग तो फिल्टरमध्ये असायलाच हवा. साधारण 8 ते 20 पीएसआयच्या फरकाला उघडणारे व्हॉल्व असतात. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतो.

चौथी, ऑइल परत उतरू न देणारा रबरी पडदा. फिल्टर तोंड वर करून सरळ लटकत असेल तर ऑइल आपसूक आतच राहतं. पण आडवा किंवा उलटा असेल, तर रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी चावी फिरवल्यावर काही सेकंद बेअरिंग कोरडी. चालू करताना रोज खडखड आवाज येतो आणि मग थांबतो? आधी हा पडदा तपासा. फिल्टरच्या तोंडावरच्या छोट्या भोकांतून रंगीत रबर दिसतं, तोच तो.

पाचवी, जागा. लांब फिल्टर कशाला घासत नाही ना, एक्झॉस्टला चिकटत नाही ना, खालून दगड लागेल इतका लोंबत नाही ना.

आणि मायक्रॉन? त्यावर लोक फार वाद घालतात. नुसतं "20 मायक्रॉन" छापलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, हे विचारा. नावाजलेल्या कंपनीचा, योग्य मापाचा साधा कागदी फिल्टर वर्षातून एकदा बदलला, तर आपल्या गाड्यांना पुष्कळ आहे. या गाड्या वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर पळतात. किलोमीटर मोजत बसाल तर ऑइल आतच म्हातारं होईल.

विकत घेताना आणि बसवताना

पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाल तेव्हा नमुना, मोजलेली मापं आणि जुन्या फिल्टरचा नंबर, तिन्ही घेऊन जा. एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या नंबराशी जुळवणारे तक्ते असतात. ते शोध सुरू करायला चांगले. शेवट मापानेच करायचा. माळ्यावर तीस वर्षं पडलेला 'ओरिजिनल' मिळाला तर आनंद होतो, मलाही होतो. पण त्याचं रबर कडक झालेलं असतं, कागद आणि डिंक ठिसूळ झालेले असतात. तो कपाटात शोभेला ठेवा.

फिरवायचा फिल्टर बसवताना जुन्याचं रबर त्याच्याबरोबरच निघालं ना, ते बघा. इथेही दोन रबरांचा घोळ होतो. नव्याच्या रबराला ऑइल लावा, रबर टेकेपर्यंत फिरवा, पुढे हातानेच पाऊण फेरा. फिल्टरवर वेगळं छापलं असेल तर तसं. पाना लावून आवळायचा नाही. पाना काढायच्या वेळी.

नंतर लगेच सेल्फ मारून इंजिन चालू करू नका. कॉइलची जाड वायर काढून नीट बाजूला करा आणि थोडं थोडं क्रँक करा, दिवा विझेपर्यंत किंवा गेजचा काटा हलेपर्यंत. मग वायर लावून चालू करा. एक जण आत दिव्याकडे बघेल, दुसरा खाली फिल्टरकडे. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. पंधरा-वीस किलोमीटर फिरून आल्यावर खाली पुन्हा पुठ्ठा टाकून बघा. थंड इंजिनाची परीक्षा मी पण पास झालो होतो.

जुना एलिमेंट फेकायच्या आधी कापून, उलगडून बघा. काळा चिखल असणारच. लोहचुंबकाला चिकटणारा चुरा दिसला, तर कुठेतरी लोखंड झिजतंय. तांब्याच्या रंगाचे चकचकीत कण दिसले, तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतला लागलाय असं समजा, आणि मिस्त्रींना गाठा. रक्ततपासणीच ही, फुकटातली.

आणि लाल दिवा लागला की वायरचा संशय नंतर घ्यायचा. आधी इंजिन बंद.

साताऱ्याहून निरोप

रेकॉर्डिंगच्या आधी त्या श्रोत्यांना फोन केला होता. त्यांनी गावातल्या लेथवाल्याकडून स्टड मोजून घेतला. निघाला पाऊण इंची, 16 आट्यांचा. मारुतीचा फिल्टर काढल्यावर स्टडवर पहिल्या दोन आट्यांची धार घासलेली दिसली. गाडी त्यांनी फक्त अंगणात चालू केली होती, रस्त्यावर काढली नव्हती. स्टड बदलून घ्या म्हटलं, तो काही फार महागाचा नाही, आणि योग्य फिल्टर मिळेपर्यंत गाडी झाकून ठेवा.

मारुतीचा तो नवा फिल्टर त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकला. शेजाऱ्यांकडे 800 आहे. तिथे तो अगदी बरोबर बसला.

तुमच्या गाडीच्या फिल्टरचा असा काही गुंता असेल तर पाठवा. पण प्रश्नाबरोबर स्टडचं माप आणि फिल्टरच्या तोंडाचा फोटोही पाठवा, नाहीतर मी अंदाजपंचे सांगेन आणि मग माझ्याही किल्ल्यांच्या खुंटीला आणखी दोन रिंगा लागतील. भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा.